ऐपतीतील टेलिफोटो झूम : निवड, पारख आणि निगा

परभणी जिल्ह्यात डिजिटल एसएलआर कॅमेरा आता दुर्मिळ राहिलेला नाही. लग्नसराईत चित्रण करणारे व्यावसायिक, कृषी विद्यापीठातील विद्यार्थी, गावोगावचे हौशी शिक्षक यांच्यापैकी अनेकांजवळ किट लेन्ससह आलेली एखादी बॉडी असते. आणि ज्याच्या हाती ती आहे तो हिवाळ्यात केव्हातरी जिंतूर तालुक्यातील येलदरीच्या जलाशयाकाठी उभा राहतो, हिमालय ओलांडून आलेल्या पट्टकादंब हंसांचा थवा पाण्यावर उतरलेला पाहतो, हातातल्या १८ ते ५५ मिलिमीटरच्या लेन्समधून उत्साहाने चित्रे घेतो, आणि घरी येऊन पडद्यावर पाहतो तो हंसांच्या ठिकाणी केवळ राखी ठिपके. दुसरी, लांब पल्ल्याची लेन्स घ्यावी हा विचार मनात येतो तो अशा प्रसंगी. त्या विचारासोबतच किमतीचा प्रश्नही उभा राहतो, कारण वन्यजीव-छायाचित्रकारांच्या खांद्यावर दिसणाऱ्या मोठ्या लेन्सांचे मोल सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे असते. ज्या वाचकाची तजवीज वीस-पंचवीस हजार रुपयांच्या पलीकडे जात नाही, त्याने टेलिफोटो झूम कशी निवडावी, घेताना कशी पारखावी आणि घेतल्यावर कशी वापरावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. माझे मुख्य प्रतिपादन आरंभीच सांगून टाकतो : मर्यादित पैशात पल्ल्याचा आकडा वाढविण्यामागे न लागता, स्थिरीकरणाची सोय असलेली आणि आपल्या बॉडीशी पूर्णपणे जमणारी लेन्स घ्यावी, उरलेले अंतर माणसाने चालून आणि थांबून भरून काढावे.

प्रथम विषय, मग मिलिमीटर

लेन्सच्या नावातील ५५-२५० किंवा ७०-३०० हे आकडे तिचे नाभीय अंतर, म्हणजेच व्यवहारातील फोकल लेंथ, दर्शवितात. या आकड्यांचा अर्थ एका सोप्या हिशेबाने उमगतो. वस्तूच्या लांबीस नाभीय अंतराने गुणावे व वस्तूपर्यंतच्या अंतराने भागावे, म्हणजे कॅमेऱ्याच्या संवेदकावर पडणाऱ्या प्रतिमेची लांबी मिळते. पट्टकादंब साधारणपणे पाऊण मीटर लांबीचा असतो. तो १०० मीटरवर असताना ३०० मिलिमीटरच्या लेन्सने त्याची प्रतिमा सव्वादोन मिलिमीटर पडते. आणि निकॉनच्या लहान संवेदकाची रुंदी साडेतेवीस मिलिमीटर असल्याने तो चौकटीचा जेमतेम दहावा हिस्सा व्यापतो. अंतर ३० मीटरवर आले, तर तोच हंस चौकटीचा जवळजवळ तिसरा हिस्सा भरतो. उलट कृषी विद्यापीठाच्या आवारात तारेवर बसलेला वेडा राघू हा वीतभरही लांब नसल्याने, चौकटीचा पाचवा हिस्सा भरावयाचा तर त्याच्यापासून दहा मीटरवर पोहोचणे भाग पडते.

या हिशेबातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही की २५० आणि ३०० यांतील तफावत दुकानातील फळ्यावर वाटते तेवढी मोठी नसते. ३०० मिलिमीटरने १०० मीटरवरून जी प्रतिमा मिळते, तीच २५० मिलिमीटरने ८३ मीटरवरून मिळते. म्हणजे हा सारा मामला सतरा मीटर चालण्याचा आहे. दुसरी ही की पक्षी चौकटीत लहान आला म्हणून चित्र वाया गेले असे मुळीच नाही. २४ मेगापिक्सेलच्या चित्रात १०० मीटरवरील हंसाच्या अंगावरचा एक सेंटिमीटर भाग सात-आठ पिक्सेलांत उतरतो, आणि हवा स्थिर असेल व लेन्स हललेली नसेल, तर त्याच्या पांढऱ्या डोक्यावरील ज्या दोन काळ्या पट्ट्यांवरून ही जात ओळखली जाते ते पट्टे त्या चित्रात वेगळे मोजता येतात.

म्हणून लेन्स घेण्यापूर्वी, आपण वर्षभरात प्रत्यक्षात कशाची चित्रे घेणार आहोत याची यादी कागदावर उतरवावी. गंगाखेडच्या गोदावरीच्या घाटावरील स्नानाचे व दीपदानाचे प्रसंग, शाळेच्या मैदानावरील कबड्डी व खो-खो, चारठाण्याच्या जुन्या मंदिरांवर उंचावर कोरलेली शिल्पे, हे सारे विषय २०० ते २५० मिलिमीटरमध्ये सुखेनैव सामावतात. ज्वारी-हरभऱ्याच्या शिवारावरून तरंगत जाणारा भोवत्या किंवा माळावरची काळविटे हा ज्याचा प्रमुख छंद आहे, त्यालाच ३०० ची खरी गरज भासते.

प्रकाशाचा जमाखर्च

नाभीय अंतरापाठोपाठ लिहिलेला एफ/४-५.६ असा मजकूर अनेक ग्राहक वाचीत नाहीत, वस्तुतः लेन्सचे मोल बहुतांशी त्यावर ठरते. नाभीय अंतरास या संख्येने भागले म्हणजे प्रकाश आत येण्याच्या द्वाराचा व्यास मिळतो. ३०० मिलिमीटरला एफ/५.६ असेल तर तो व्यास सुमारे ५४ मिलिमीटर, आणि एफ/२.८ असेल तर १०७ मिलिमीटर होतो. व्यास दुप्पट, म्हणून प्रकाश चौपट. परंतु तेवढ्याच प्रमाणात काचही मोठी, जड व महाग. स्वस्त झूममध्ये काचेची ही काटकसर उघडउघड केलेली असते, आणि ती कबूल करूनच आपण व्यवहार करावयाचा असतो. पूर्ण पल्ल्यावर एफ/५.६ हे छिद्र सकाळच्या व दुपारच्या उन्हात पुरेसे आहे. परभणीच्या आकाशात हिवाळाभर ऊन मुबलक असते.

रात्रीच्या मंडपातील कीर्तन, फेब्रुवारीत भरणाऱ्या शाह तुराबुल हक यांच्या उरुसातील दिव्यांखालची गर्दी, किंवा लग्नाच्या सभागृहातील सायंकाळचे विधी, हे मात्र या लेन्सचे क्षेत्र नव्हे. ज्याचे बहुतेक काम अशा ठिकाणी आहे त्याने टेलिफोटो झूमचा विचार तूर्त बाजूस ठेवून ५० मिलिमीटर एफ/१.८ ही स्थिर नाभीय अंतराची लेन्स घ्यावी. ती एफ/५.६ च्या मानाने दसपटीच्या जवळपास प्रकाश आत घेते, आणि तिची किंमतही बेताची असते. गरज एक आणि खरेदी भलतीच, असा प्रकार झाला म्हणजे चांगली वस्तूसुद्धा कपाटात पडून राहते.

स्थैर्याचे मोल

लांब पल्ल्याची लेन्स दूरच्या पक्ष्याबरोबरच हाताचा कंपही मोठा करून दाखविते. हातात धरून चित्र घेताना शटरचा वेग किती असावा यासाठी जुना ठोकताळा असा की, लहान संवेदकाच्या कॅमेऱ्यावर नाभीय अंतरास निकॉनसाठी १.५ ने व कॅननसाठी १.६ ने गुणावे आणि येणाऱ्या संख्येने एका सेकंदास भागून जो अंश येईल त्याहून मंद शटर ठेवू नये. ३०० मिलिमीटरला हा वेग १/५०० सेकंदाच्या आसपास येतो. पहाटेच्या मंद उजेडात एवढा वेग मिळत नाही, आणि तेथेच स्थिरीकरणाची यंत्रणा उपयोगी पडते. या यंत्रणेस कॅनन आयएस, निकॉन व्हीआर आणि टॅमरॉन व्हीसी अशा अक्षरांनी ओळखतात. लेन्समधील एक काचसमूह हाताच्या हालचालीच्या विरुद्ध दिशेने सरकवून ती प्रतिमा स्थिर राखते, आणि त्यामुळे स्थिर विषयाचे चित्र कितीतरी मंद शटरवरही रेखीव येते. शिवाय डोळ्यास लावलेल्या चौकटीतील दृश्यही डळमळत नाही, त्यामुळे पक्ष्यावर नेमका फोकस ठेवणे नवशिक्यास साधते.

मात्र ही यंत्रणा आपला हात सावरते, पक्ष्याचे पंख थांबवीत नाही. उडणाऱ्या हंसासाठी १/१००० ते १/२००० सेकंदाचा वेग लागतोच, त्याकरिता आयएसओ ४०० वरून ८०० किंवा १६०० पर्यंत नेण्यास कचरू नये. चित्रात थोडे कण दिसले तरी ते खपतात. हललेले चित्र कोणत्याही उपायाने सुधारत नाही.

लेन्स आणि बॉडी यांची जोड

स्वस्तात मिळाली म्हणून घेतलेली लेन्स आपल्या बॉडीवर चालतच नाही, असे अनुभव विशेषतः निकॉनच्या ग्राहकांस येतात. निकॉनच्या डी३००० व डी५००० या मालिकांतील बॉडींमध्ये फोकसची मोटर नसते. सबब एएफ किंवा एएफ-डी अशा जुन्या लेन्सांवर, आणि त्यांत व्हीआर नसलेल्या जुन्या ७०-३०० एफ/४-५.६ जी चाही समावेश होतो, त्या बॉडी आपोआप फोकस करीत नाहीत. अशा बॉडीसाठी नावात एएफ-एस किंवा एएफ-पी ही अक्षरे पाहावीत. त्यातही एएफ-पी लेन्सांची मोटर नव्या धाटणीची असल्याने डी९०, डी३१००, डी५१००, डी७००० यांसारख्या जुन्या बॉडींवर त्या फोकस करू शकत नाहीत. डी३१०० ज्याच्याजवळ आहे त्याने एएफ-एस, आणि डी३५०० किंवा डी५६०० ज्याच्याजवळ आहे त्याने एएफ-पी घ्यावी, असा हा सरळ हिशेब आहे.

कॅननच्या लहान संवेदकाच्या बॉडींवर ईएफ व ईएफ-एस या दोन्ही प्रकारच्या लेन्सा बसतात. परंतु ईएफ-एस लेन्स मोठ्या संवेदकाच्या एसएलआर बॉडीवर बसत नाही. पुढेमागे मिररलेस कॅमेरा घेण्याचा विचार असेल, तरी आजची खरेदी फुकट जाण्याची भीती नाही. कॅननच्या या लेन्सा अ‍ॅडाप्टरने नव्या आरएफ बॉडीवर फोकससह चालतात, आणि निकॉनच्या एएफ-एस व एएफ-पी लेन्सा एफटीझेड अ‍ॅडाप्टरने झेड बॉडीवर चालतात. कारखानदारांचे लक्ष मिररलेसकडे वळल्यामुळे एसएलआरच्या लेन्सा लोक विकून टाकू लागले आहेत, ही गोष्ट काटकसरी ग्राहकाच्या पथ्यावरच पडणारी आहे.

शिफारस

कॅननची लहान संवेदकाची बॉडी असेल तर ईएफ-एस ५५-२५० एफ/४-५.६ आयएस एसटीएम, ही २०१३ साली आलेली लेन्स मी निःशंकपणे प्रथम क्रमांकावर ठेवीन. वजन अवघे ३७५ ग्रॅम, जवळात जवळ ८५ सेंटिमीटरवर फोकस, मोटर शांत, आणि पूर्ण पल्ल्यावरही चित्र रेखीव. फुलपाखरापासून हंसापर्यंत एवढा मोठा आवाका इतक्या अल्प व्ययात देणारी वस्तू क्वचितच आढळते. हिच्या आधीच्या आयएस व आयएस २ या आवृत्त्यांची मोटर मंद व किंचित गोंगाट करणारी आहे, तरी पैसे फारच कमी असतील तर त्याही चालतील. मात्र ७५-३०० एफ/४-५.६ ३ ही लेन्स, जी पुष्कळदा कॅमेऱ्याबरोबर दोन लेन्सांच्या संचात मिळते आणि आकड्याने अधिक आकर्षक दिसते, ती केवळ ३०० या आकड्यासाठी घेऊ नये. तिच्यात स्थिरीकरण नाही, जवळात जवळ फोकस दीड मीटरवर आहे, २०० च्या पुढे चित्र मऊ पडते, आणि उजळ आकाशापुढील फांदीच्या कडेस जांभळी झालर उमटते. ज्याला ३०० च हवे आणि जुनी वस्तू चालते, त्याने ईएफ ७०-३०० आयएस यूएसएम, शक्य झाल्यास तिची २०१६ ची दुसरी आवृत्ती शोधावी.

निकॉनच्या नव्या बॉडीसाठी एएफ-पी डीएक्स ७०-३०० एफ/४.५-६.३ व्हीआर ही ४१५ ग्रॅमची लेन्स उत्तम. तिचा फोकस चपळ आहे. पूर्ण पल्ल्यावर एफ/६.३ असल्याने प्रकाश किंचित कमी मिळतो, एवढेच तिचे उणे. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे : याच नावाची व्हीआर नसलेली आवृत्तीही बाजारात आहे, सबब खोक्यावरील व लेन्सवरील अक्षरे स्वतः वाचल्याशिवाय पैसे मोजू नयेत. जुन्या बॉडीसाठी एएफ-एस डीएक्स ५५-३०० व्हीआर, आणि त्याहून कमी खर्चात ५५-२०० व्हीआर, हे पर्याय आहेत. दोन्ही कंपन्यांच्या बॉडींसाठी टॅमरॉनची २०१० साली आलेली एसपी ७०-३०० व्हीसी यूएसडी हा जुन्या बाजारातील चांगला पर्याय होय. तिचे स्थिरीकरण प्रभावी आहे, पण पाऊण किलोचे वजन दिवसभर गळ्यात वागविण्याची तयारी हवी. टॅमरॉनचीच व्हीसी नसलेली स्वस्त ७०-३०० मात्र हिच्याशी गल्लत करून घेऊ नये. लेन्सच्या मागे जोडावयाच्या टेलिकन्व्हर्टरने पल्ला वाढवावा, ही कल्पना या वर्गातील लेन्सांसाठी सोडून द्यावी. दुपटीच्या कन्व्हर्टरने एफ/५.६ चे एफ/११ होते आणि एसएलआरचा स्वयंचलित फोकस बंद पडतो.

जुनी लेन्स पारखताना

मनाजोगी वस्तू परभणीत न मिळाल्यास छत्रपती संभाजीनगर, नांदेड किंवा हैदराबाद येथे थेट रेल्वेने जाऊन पाहता येते. न पाहता टपालाने मागविण्यापेक्षा प्रवासखर्च सोसलेला बरा, आणि जाताना आपली बॉडी, भरलेली बॅटरी व रिकामे कार्ड सोबत न्यावे.

दुकानात प्रथम लेन्सची दोन्ही झाकणे काढून मागच्या बाजूने मोबाइलची विजेरी आत टाकावी आणि पुढच्या बाजूने तिरपे पाहावे. धुळीचे चार कण दिसले तर त्यांनी चित्रावर परिणाम होत नाही. पण काचेच्या कडेपासून आत पसरणारे बारीक, फांद्या फुटलेले, कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढुरके तंतू दिसले, तर ती बुरशी होय, आणि अशी लेन्स कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. पुढील कड्यावर ठेचल्याची खूण असेल तर लेन्स पडलेली आहे असे समजावे. झूमचे कडे सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे. मध्येच अडखळ लागली किंवा वाळू घासल्यासारखा आवाज आला तर आत धूळ गेलेली आहे.

त्यानंतर दुकानातील एखादे वर्तमानपत्र भिंतीवर सपाट चिकटवून, बॉडी टेबलावर टेकवून, पूर्ण पल्ल्यावर एफ/५.६ ला व पुन्हा एफ/८ ला चित्र घ्यावे आणि चारही कोपऱ्यांतील अक्षरे मोठी करून पाहावीत. चारही कोपरे सारखेच किंचित मऊ असतील तर तो स्वस्त लेन्सचा स्वभाव आहे. पण तीन कोपरे स्वच्छ आणि एक पुसट असेल तर आतली काच केंद्रावरून ढळलेली आहे. मग १/३० सेकंदावर स्थिरीकरण चालू ठेवून चार आणि बंद ठेवून चार चित्रे घ्यावीत. दोहोंत काहीच फरक दिसला नाही, तर यंत्रणा निकामी झाल्याची शंका धरावी. शेवटी पावती, क्रमांक आणि दुकानदाराची परत घेण्याची मुदत यांची खातरजमा करूनच रक्कम द्यावी. नवी लेन्स घेतानाही भारतातील अधिकृत हमीपत्र आहे की नाही हे विचारावे. थोड्या सवलतीपायी ते गमावले तर दुरुस्तीचा सारा भार आपल्यावर पडतो.

वापर आणि निगा

या वर्गातील बहुतेक लेन्सा एफ/८ ला सर्वांत रेखीव असतात, म्हणून ऊन भरपूर असेल तेव्हा छिद्र एवढे मिटवावे. चित्रणाची वेळ सूर्योदयापासून पहिल्या दोन-तीन तासांची राखावी. आपली काळी जमीन ऊन चढताच तापते, तिच्यावरील हवा थरथरू लागते, आणि दूरच्या पक्ष्याची कडा विरघळल्यागत दिसते. हा दोष लाखाच्या लेन्सनेही जात नाही, आणि परभणीच्या चाळिशी ओलांडणाऱ्या उन्हाळ्यात तर सकाळीच सुरू होतो.

जलाशयाकाठच्या गव्हा-हरभऱ्यात हंस चरावयास उतरतात. तेथे जाण्यापूर्वी आखाड्यावरील शेतकऱ्याची परवानगी घ्यावी, सूर्य पाठीशी राहील अशी जागा हेरावी, आणि बांधाच्या आडोशाने बसून राहावे. पक्ष्यांनी माना उंचावून चरणे थांबविले की आपण फार जवळ आलो असे समजून तेथेच थांबावे. हजारो कोसांचा प्रवास करून आलेल्या जिवास केवळ उड्डाणाचे चित्र मिळावे म्हणून उठविणे हा अपराध आहे. हाच न्याय घरट्यांनाही लागू होतो, त्यांच्याजवळ तर कॅमेरा नेऊच नये.

मातीच्या रस्त्यावर लेन्स बदलणे आणि विनाकारण झूम फिरविणे टाळावे, कारण झूम करताना बाहेर सरकणारी नळी हवेबरोबर धूळही आत ओढते. काचेवरील धूळ प्रथम रबरी फुंकणीने उडवावी आणि मगच मऊ कापडाने पुसावी. सदऱ्याच्या टोकाने पुसले तर वाळूचा कण काचेवर कायमची रेघ ओढतो. पावसाळ्यात लेन्स कातडी पिशवीत बंद ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी, पुड्यांचा रंग पालटला की त्या तापवून कोरड्या कराव्यात, आणि आठवड्यातून एकदा तरी लेन्स उजेडात काढावी.

परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता त्या काळात, १९३१-३२ साली, डॉ. सालिम अली यांनी हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. त्या वेळच्या प्रघाताप्रमाणे पक्ष्याची नोंद पक्की करावयाची तर तो बंदुकीने टिपून त्याचे कातडे जतन करावे लागे. आज तेच काम मध्यम प्रतीच्या टेलिफोटो झूमने घेतलेले, जात ओळखू येईल एवढे स्पष्ट, दिनांक व स्थळ नोंदलेले एक चित्र करू शकते. आपल्या तळ्या-धरणांवर कोणते पक्षी केव्हा येतात, कोणते यावयाचे थांबले, याचा दाखला गावातीलच कोणी वर्षानुवर्षे ठेवला तर त्याचे मोल मोठे आहे, आणि अशा चित्रांस चौकट भरून टाकणारा पक्षी लागत नाही. म्हणून पैसे साठून मोठी लेन्स घेता येईल त्या दिवसाची वाट पाहत हिवाळे दवडू नयेत. आवाक्यातील स्थिरीकरणाची लेन्स नीट पारखून यंदाच घ्यावी, प्रत्येक चित्राखाली तारीख व गावाचे नाव लिहावे, आणि ई-बर्डसारख्या सार्वजनिक नोंदवहीत ती नोंद दाखल करावी.